देणाऱ्यांचे अंगठे

सन एकोणीसशे अडतीस. मला सहासष्टावं लागलंय आणि मास्तर, तुम्ही माझ्याहून चौदा वर्षांनी लहान. आधी मी जायचं होतं. तुमच्या तिरडीला खांदा द्यायला निघालो तर पोरं म्हणाली, आप्पा, राहू द्या, तुमच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. मी दिला. पार ओढ्यापर्यंत दिला. लोकांना वाटलं म्हाताऱ्याचा जीव केवढा होता मास्तरांवर. जीव होता, नाही म्हणत नाही. पण तेव्हा मी रागात चाललो होतो. रागात माणसाचे गुडघे दुखत नाहीत.

नंदुरबारचे शेठ सांगून गेलेत, संस्थेच्या पुस्तिकेसाठी मास्तरांच्या दोन आठवणी लिहून द्या. या त्या दोन आठवणी नव्हेत. दुसऱ्या बुकात शाळा सोडलेला माणूस मी. जोडाक्षरं तुम्ही शिकवलीत, तीही पन्नाशी उलटल्यावर, वसतिगृहातल्या पोरांच्या ओळीत शेवटी बसवून. तेव्हा यात जे काही चुकलं असेल त्याचा दोष शिकवणाऱ्याकडे जातो. आता तुम्ही उत्तर देणार नाही हे मला ठाऊक आहे. चौदा वर्षांत पहिल्यांदा मी तुमच्याशी बोलतोय आणि तुम्ही मध्येच "आप्पा, ऐका तर" म्हणत नाही.

आठवतं का, आमच्या गावी, कळसाडीला, पहिल्यांदा आलात तेव्हा मी तुम्हाला ओट्यावर बसवलं नव्हतं. भिलांच्या पोरांसाठी वसतिगृह काढतो म्हणणारा मास्तर, सरकारी नोकरी सोडलेला, म्हणजे डोक्याने अधूच असणार असं मला वाटलं. तुम्ही खाली मातीत बसलात. डोंगराच्या पायथ्याचा माझा दोन बिघ्यांचा पडीक तुकडा मागितलात. मी नाही म्हटलं. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात, तिसऱ्या दिवशी आलात. चौथ्या दिवशी मी तुम्हाला ओट्यावर घेतलं आणि तुकडाही दिला. भाऊबंद म्हणाले, आप्पाने देव सोडला आणि भिल धरले. मी म्हटलं, देवाने कधी जमीन मागितली का मला? यांनी मागितली.

तुमच्यावर माझा विश्वास बसला तो त्या पहिल्याच हिवाळ्यात. साहेबाचा दौरा होता. शिपाई पाड्यात आला, वेठीला माणसं काढायला. ओझी उचला, लाकडं फोडा, कोंबड्या द्या, आणि पैशाचं नाव नको. बापजाद्यांपासून तसंच चालत आलेलं. तुम्ही काही भाषण केलं नाही. साहेबाची वळकटी उचलून स्वतःच्या डोक्यावर घेतलीत आणि शिपायाला म्हणालात, मीही याच गावचा आहे, पुढच्या मुक्कामापर्यंत दोन आणे पडतील, आधी द्या. मी हसलो होतो. मग शिपायाचं तोंड बघितलं आणि पेटी मी उचलली. वाडेवाला, बैलजोड्या असलेला मी, पेटी डोक्यावर घेऊन तुमच्या मागे. शिपायाने हात जोडून आमची ओझी खाली ठेवायला लावली आणि ती उचलणाऱ्या भिलांना आणे मोजून दिले. त्या भागातली वेठ त्या दिवसापासून ढिली पडली. हे मी जन्मभर सांगणार. पुढे जे लिहितोय ते वाचून कोणाला वाटेल की आप्पा हे विसरला, म्हणून आधी लिहून ठेवतो.

वसतिगृह उभं राहिलं ते आठ पाड्यांच्या ज्वारीवर. सुगी झाली की गाडी घेऊन निघायचं, ज्याला जेवढं जमेल तेवढं तो घालायचा. कोणी पायली, कोणी दोन पायल्या, कोणी ओंजळभर. आपल्यासारख्यांनी दिलं तर त्यात नवल नाही. ज्यांच्या घरात कणगी अर्धी, ते देत होते. मग दारूच्या ठेक्याचा मालक बोलायला लागला. तुम्ही भिलांची दारू सोडवलीत, त्याने त्याचा धंदा बसला होता. मास्तर भिलांची ज्वारी खातो, बायकोला पाटल्या करतो, असं त्याने प्रत्येक बाजारात पसरवलं. तुम्ही काय केलंत? घरी ज्वारी बंद केलीत. वसतिगृहात ज्वारीची भाकर, तुमच्या चुलीवर बाजरीची. येणाऱ्या-जाणाऱ्याला ताटातल्या रंगावरूनच कळावं की मास्तरच्या पोटात संस्थेचा दाणा जात नाही.

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, मास्तर, भाकरीचा रंग बघायला रोज कोण येणार आहे? लिहून ठेवा. कोणी किती दिलं ते लिहा, आणि त्यापुढे देणाऱ्याचा अंगठा घ्या. मग ज्याला बोलायचं त्याने वही बघून बोलावं.

हे डोकं माझं होतं. मी ते कोणावर ढकलत नाही.

तुम्ही वहीकडे बघत राहिलात आणि हळूच म्हणालात, "आप्पा, या लोकेस्ले अंगठानी चांगली आठवन नही."

बस, एवढंच. एकदाच. मी म्हटलं, सावकाराचा अंगठा वेगळा आणि आपला वेगळा, तिथे घेणाऱ्याचा अंगठा, इथे देणाऱ्याचा, एवढं काय कळत नाही का कोणाला? तुम्ही वहीत रेघा आखायला लागलात. मास्तर, मी तुम्हाला शिपायासमोर बोलताना ऐकलंय, शेठांसमोर ऐकलंय. तुम्हाला एखादी गोष्ट अडवायची असली की तुम्ही चार दिवस मातीत बसता. ही गोष्ट तुम्ही अडवली नाहीत. पुढे कधी तरी "मी सांगितलं होतं" म्हणता यावं एवढ्यापुरतं बोललात.

त्या वर्षापासून शाईची डबी माझ्या खिशात. बारा सुग्या मी आठ पाडे फिरलो. तुम्ही माप लिहायचं, मी अंगठा धरायचा. कोणाची कातडी इतकी झिजलेली की कागदावर नुसता काळा गोळा यायचा, रेघच नाही. मी पुन्हा दाबून घ्यायचो. मला त्याचा अभिमान वाटायचा. गडी माणसं अंगठा द्यायला अंघोळ करून यायची. बरोबर शेजारचा एकजण उभा करायची. मला वाटायचं, काय हा मान. एका वर्षी पाऊस दडला, ज्वारी जळाली, तर एकाने गाडीला शेळी आणून बांधली. म्हणाला, यंदा दाणा नाही, ही घे, पण वहीत लिही. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही शेळीच्या पायाकडे बघत होतात.

ती शेळीची गोष्ट मी सारंगखेड्याच्या जत्रेत सांगितली. घोड्यांच्या बाजारात नंदुरबारचे कापसाचे शेठ भेटले होते, त्यांच्याबरोबर आणखी दोघे व्यापारी. मी म्हटलं, तुम्ही लोक धर्मादायाचे चार पैसे देताना पावती उलटसुलट करून बघता. आमच्या डोंगरातला माणूस खायला नसताना शेळी देतो आणि वर अंगठा देतो. शेठांच्या डोळ्यांत पाणी आलं. वसतिगृहाला दरसाल मदत त्यांनी तिथल्या तिथे कबूल केली. तुम्ही शेजारी उभे राहून एका घोड्याचे दात बघत होतात. तुम्हाला घोड्यातलं काय कळतं, मास्तर? मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

पुढे दर श्रावणात शेठ यायचे. पोरांना बघायचे, ताटं बघायचे, आणि मग वही मागायचे. पानं उलटत अंगठे मोजायचे. अशी चोख संस्था साऱ्या खानदेशात नाही म्हणायचे. ठेकेदाराचं तोंड बंद झालं होतं. मी खिशातल्या डबीवर हात ठेवून उभा असायचो.

गेल्या वर्षी चैत्रात रुमलीबाई आली. वरच्या पाड्यातली, जिचा नवरा दर सुगीला सगळ्यात आधी गाडीपाशी यायचा. पहाटे निघून दुपारी कळसाडीला पोचली. मी विहिरीवर होतो. नवरा होळीच्या आधीच गेल्याचं तिने सांगितलं. मी दोन शब्द बोललो, पाणी दिलं. ती पाणी प्यायली आणि तिथेच बसली. डोंगरातली माणसं लहानथोर सगळ्यांना एकेरीच बोलतात, तसंच तीही बोलली.

"आप्पा, धनी मरी ग्या. आते त्याना अंगठावर मन्हा अंगठा लाव. पोऱ्याना नको लावू."

मला कळेना. मी म्हटलं, तुझा कशाला, पोराचा कशाला, जो देईल त्याचा लागेल.

ती म्हणाली, "कितलं बाकी शे अजून?"

"कसानं बाकी?"

मग तिने सांगितलं. तिच्या सासऱ्याने सावकाराकडे एकदा अंगठा दिला होता. तो मेला तेव्हा अंगठा नवऱ्यावर आला. आता इथला अंगठा नवऱ्याचा, तो मेला, म्हणजे पोरावर येणार. पोराचं अजून लग्न नाही. तिचं काय, पाच-सात वर्षं राहिलीत, तिच्यावर टाकला तर तिच्याबरोबर संपेल. एवढंच मागायला ती सात कोस चालून आली होती.

मी आधी हसलो. होय, हसलो. म्हटलं, बाई, ते कर्ज नव्हे, तो धर्म आहे, तुम्ही राजीखुशीने देता तो. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली, सावकारापुढे बघतात तशी. मी विचारलं, असं फक्त तुमच्या घरात समजतात की पाड्यात सगळे? ती म्हणाली, आठी पाड्यांत. मी विचारलं, कर्ज कधी काढलं तुम्ही आमच्याकडून? ती म्हणाली, आमाले काय माहीत, वहीमा तूच लिखस ना.

मास्तर, अकरा वर्षं. अंघोळ करून आलेली माणसं, शेजारी उभा केलेला साक्षीदार, ती शेळी. तो मान नव्हता. ती तारीख होती. सावकाराची तारीख चुकली की काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते चुकवत नव्हते. आणि मी जत्रेत उभा राहून व्यापाऱ्यांना लाजवत होतो.

मी तसाच बैलगाडी जुंपून तुमच्याकडे आलो. तुम्ही पोरांच्या डोक्याला घासलेट चोळत होतात, उवांसाठी. पोरांना घालवलंत. मी सगळं एका दमात सांगितलं. मला वाटलं तुम्ही हादराल. तुम्ही चिंधीला हात पुसलेत, एकेक बोट, आणि म्हणालात, "माले पहिला सालपासून माहीत शे, आप्पा."

तुम्हाला त्यांची भिली बोली येत होती, मला येत नव्हती. ते गाडीमागे आपसांत काय बोलतात ते तुम्हाला ऐकू येत होतं. अकरा वर्षं तुम्ही ते ऐकलंत आणि माप लिहीत राहिलात.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाही त्यांना? तुम्ही म्हणालात, पहिल्या वर्षी सांगायला गेलो, त्यांना खरं वाटेना, अंगठा घेऊन कोणी माफ करतं का असं विचारायला लागले. दुसऱ्या वर्षी वाटलं ज्वारी बरी येतेय, राहू दे. तिसऱ्या वर्षी शेठ आले. चाळीस पोरं. शेठ देतात ते वहीकडे बघून, आणि वही भरते ती अंगठ्यांनी. एक धागा ओढला तर सगळं पोतं उसवतं. मग तुम्ही ते वाक्य बोललात जे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"धाकना दाना आन् धरमना दाना, पोरेस्ना पोटमा दोन्ही एकच."

"पोट पोरेस्नं शे, मास्तर," मी म्हटलं, "पन अंगठा त्यास्ना बापना शे."

आपण भांडलो ते मास्तरीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या तोवर. मी तुम्हाला सावकार म्हटलं. साहेबाची वेठ मोडलीत आणि स्वतःची लावलीत, असं म्हटलं. तुम्ही म्हणालात, शाईची डबी कोणाच्या खिशात आहे? मी डबी तुमच्या पुढ्यात आपटली आणि निघालो. वीस दिवस बोललो नाही.

एकविसाव्या दिवशी तुम्ही ओट्यावर आलात. खालीच बसलात, मातीत. एक सुगी थांबा, म्हणालात. शेठ नव्या खोल्या बांधून देताहेत, त्यांच्यावर कौलं चढू द्या. पुढच्या वर्षी आपण दोघे पाड्यापाड्यात जाऊ आणि मीच त्यांच्या बोलीत सांगेन. मी म्हटलं, बरं.

आता खरं लिहितो. तुमच्या शब्दाखातर मी थांबलो नाही. मला पाड्यांत जाऊन सांगावं लागलं असतं की हे अंगठे घ्यायचं डोकं आप्पाचं. ते माझ्या जिभेवर येत नव्हतं. म्हणून गेल्या सुगीला सगळं माहीत असताना मी डबी परत खिशात घातली आणि गाडीबरोबर निघालो. वरच्या पाड्यात रुमलीबाईने स्वतःहून अंगठा पुढे केला. पोरगा मागे उभा होता, त्याला तिने पाठीशी घातला होता. मी तिचा अंगठा धरला आणि दाबला. तुम्ही माप लिहिलंत. आपण दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तुमच्या पापाचा हिशोब मी मांडतोय पण ते पान आपल्या दोघांच्या नावावर आहे.

कौलं चढली. पावसाळ्यात तुम्हाला हिवतापाने धरलं, ते तुम्ही उठलाच नाहीत. शेवटच्या आठवड्यात, सुगीच्या तोंडावर, आलो तेव्हा खोलीत शेठांचे मुनीम बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, आप्पा, ते वहीचं. मी म्हटलं, बरे व्हा, मग बोलू. मुनिमासमोर नको वाटलं मला. पुन्हा तीच लाज. तुम्ही डोळे मिटलेत. ते रागाने की सुटल्यासारखं वाटून, ते मला कळलं नाही आणि आता कळणारही नाही.

तुम्हाला ओढ्याकाठी ठेवून परत आलो तर मास्तरीणबाई चुलीपाशी बसल्या होत्या. शेजारणीने ज्वारीची भाकर आणली होती ती त्यांनी परत पाठवली. मला म्हणाल्या, बाजरी त्यांना कधी मानवली नाही, आप्पा, बारा वर्षं पोट धरून खाल्ली. हे मला ठाऊक नव्हतं. मी ओसरीत जाऊन बसलो. मास्तर, एक दाणा न चोरणारा माणूस तुम्ही, आणि आठ पाड्यांना धाकात ठेवून निजत होतात. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात ते मला अजून उमगत नाही. तुमच्याकडे बघून कळलं असतं, पण तुम्ही निघून गेलात आणि सांगायचं काम माझ्या गळ्यात टाकून गेलात.

संध्याकाळी शेठ बोलले. वसतिगृहाला तुमचं नाव द्यायचं. वही काचेच्या कपाटात ठेवायची, येणाऱ्यांनी बघावी म्हणून. आणि दहावा झाला की यंदाच्या सुगीला आप्पांनीच गाडी काढायची, लोकांना ओळखीचा हात हवा. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, शेठ, ते अंगठे दानाचे नाहीत. कशाचे आहेत ते आधी ज्यांचे आहेत त्यांना सांगून येतो, मग तुम्हाला सांगतो. मग कौलं उतरवून न्यायची तर न्या. शेठ म्हणाले, आप्पांना दुःखात काही सुचत नाहीये. मी उठून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी न जुंपता पायीच निघालो. गाडी दिसली असती तर लोक पोती भरायला लागले असते. उन्हं कलली तेव्हा वरच्या पाड्यात पोचलो. रुमलीबाई अंगणात ज्वारीची कणसं बडवत होती. बाकीचेही जमले. मी उभ्यानेच सांगितलं, आपल्या अहिराणीतच, त्यांची भिली मला येत नाही. तुमच्यावर काही बाकी नाही. कधी नव्हतंच. वाटलं तर द्या, नाही तर एक दाणा देऊ नका, तुमची पोरं तरीही तिथेच राहतील, नाही राहिली तर माझ्या वाड्यात राहतील.

 मग रुमलीबाई म्हणाली, "मास्तर मरना म्हनीसन माफ व्हयनं का?"

मी म्हटलं, नाही बाई, मास्तर सावकार नव्हता.

"मंग तू अंगठा कसाले लिधा?"

मी सांगितलं. मास्तरांनी ज्वारी खाल्ली असं कोणी म्हणू नये म्हणून. आमच्याकडच्या लोकांना भरोसा वाटावा म्हणून.

तिने हातातली काठी खाली ठेवली.

"भरोसा तुम्हले नव्हता," ती म्हणाली, "आन् अंगठा आम्हना लिधा?"

मी हो म्हटलं.  ती परत कणसं बडवायला लागली, आणि मी खालच्या पाड्याची वाट धरली. अजून सात राहिले होते.